गेटबाहेरचे चाळीस सेकंद

मस्कतमध्ये मी नेमकं काय काम करते, हे माझ्या आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. ती पुण्यात शेजारणींना सांगते, "सिक्युरिटीत आहे," आणि शेजारणींना वाटतं मी शिट्टी घेऊन कुठल्यातरी दारात उभी असते. सरकारी इमारतींची सुरक्षा सांभाळणाऱ्या एका कंपनीत मी आहे. गेटवरचे पास, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नोंदी, कॅमेरे, त्यांची रेकॉर्डिंग हे सगळं कंपनी बघते. आणि हे बघणारे लोक गरजेपेक्षा जास्त बघत नाहीत ना, ते मी बघते. कुणाची माहिती किती दिवस ठेवायची, कुणाला दाखवायची, कुणी येऊन "माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे" असं विचारलं तर त्याला काय द्यायचं, हे सगळं माझ्याकडे. कार्डावर 'प्रायव्हसी स्पेशालिस्ट' असं छापलंय. मला येताना पाहिलं की ऑफिसातले लोक कॉम्प्युटरची स्क्रीन जरा तिरकी करतात.

या कामात कशी आलात, असं कुणी विचारलं की मी डिग्रीचं सांगते. खरं कारण आडनाव आहे. आम्ही बौद्ध. मी शाळेत जायच्या आधीच वडिलांनी अर्ज करून, गॅझेटात छापून आणून आमचं आडनाव बदलून घेतलं. गावाच्या नावावरून, शेवटी 'कर' लावून. जुनं आडनाव सांगितलं की आणखी काही सांगायची गरजच उरायची नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटायचं. वडील म्हणायचे, "ज्याला जेवढं लागतं तेवढंच सांगावं. रेशनवाल्याला कार्ड दाखवायचं, मास्तरांना मार्क." पुढे या धंद्यात पहिल्या दिवशी जे तत्त्व शिकवलं ते हेच होतं, फक्त इंग्रजीत आणि चार पानं लांब.

ज्या इमारतीची ही हकिगत आहे तिथे कॅमेऱ्यांच्या देखभालीवर एक मराठी गृहस्थ सुपरवायझर होते. चिपळूणकडचे, साठीला टेकलेले, वीसेक वर्षं ओमानमध्ये काढलेली. सगळे त्यांना काका म्हणायचे, ओमानी गार्डसुद्धा. त्यांच्या तोंडी तो शब्द 'काकाऽ' असा लांब व्हायचा. कंट्रोल रूममध्ये मी नवा नियम आणला तेव्हा सगळ्यांनी कुरकुर केली होती. कुणीही कॅमेरा हाताने फिरवला किंवा झूम केला की त्याची आपोआप नोंद होणार, आणि का फिरवला ते तिथल्या तिथे लिहावं लागणार, असा तो नियम होता. काका एकटे माझ्या बाजूने उभे राहिले. "यल्ला, चला, लिहायचं म्हणजे लिहायचं," ते आपल्या मुलांना म्हणाले. "उद्या कुणी आपल्यावर आळ घेतला तर हेच कागद आपल्याला वाचवतील." सुट्टीवरून परत आले की माझ्यासाठी आमसुलांची पुडी असायची. पत्नी वारल्या आहेत, एक मुलगी आहे, तिचं लग्न झालंय, इतकंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. मी कधी खोदून विचारलं नाही.

दर तीन महिन्यांनी मी या नोंदी तपासते. कंटाळवाणं काम आहे. हजारो ओळी असतात आणि बहुतेक ठिकाणी कारण एकच लिहिलेलं असतं: 'गाडी चुकीच्या जागी', 'बेवारस बॅग', 'लेन्सवर धूळ'. त्या दिवशी सहज म्हणून मी यादी कॅमेऱ्यांप्रमाणे लावली. तीन नंबरच्या गेटबाहेरचा, रस्त्याकडे तोंड करून असलेला कॅमेरा वर आला आणि मी थबकले. रविवार ते गुरुवार, म्हणजे इथल्या कामाच्या दिवशी, रोज सकाळी सात वीसच्या आसपास कुणीतरी तो फिरवत होतं आणि एकाच जागेवर झूम करत होतं. रमजानमध्ये ऑफिसची वेळ बदलली तशी हीसुद्धा बदलली होती. मागच्या नोंदी काढून पाहिल्या, तर सात महिने हे चाललं होतं आणि दोन तपासण्यांत माझ्या नजरेतून सुटलं होतं. कारण रोज एकच: 'टेस्ट'.

टेस्ट करायची तर सगळे कॅमेरे करायला हवेत. इथे रोज फक्त हा एकच.

मी रेकॉर्डिंग उघडलं. एक पांढरी गाडी कडेला येऊन थांबते. लॅपटॉपची बॅग घेतलेला एक माणूस उतरतो, खिडकीशी वाकून काहीतरी बोलतो आणि गेटकडे चालू लागतो. कॅमेरा त्या माणसाच्या मागे जात नाही. तो गाडीवरच थांबतो, जवळ जातो, आणखी जवळ जातो. चालवणारी बाई तिशीची असेल. मागच्या सीटवर लहान मुलीचं डोकं एका बाजूला कललेलं. बाई आरशात बघते, केस मागे करते, पाण्याची बाटली तोंडाला लावते. गाडी निघते. कॅमेरा परत जागेवर. सगळं मिळून चाळीस सेकंद. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

या कामात मी बरंच पाहिलंय. पण रोज, नेमाने, एका अनोळखी बाईचा चेहरा कुणीतरी इतक्या जवळून बघत बसतंय आणि तिला त्याचा पत्ताच नाही, हे समोर पाहताना मला तिच्या जागी मीच बसलेय असं वाटायला लागलं. मीही रोज गाडी चालवते. लाल दिव्याला थांबल्यावर मीही आरशात बघून केस मागे करते.

मग मी वापरणाऱ्याचा नंबर पाहिला. तो काकांचा होता.

मी नंबर कागदावर उतरवून पुन्हा यादीशी ताडून पाहिला. दुसऱ्या कुणी त्यांचा पासवर्ड वापरला असेल म्हणून हजेरीही पाहिली. सात महिन्यांत ते चौदा दिवस सुट्टीवर होते आणि नेमक्या त्या चौदा दिवसांत कॅमेरा हललेला नव्हता. त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेल्या अकरा क्लिप सापडल्या. एरवी रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. या अकरा त्यांनी मुद्दाम बाजूला काढल्या होत्या.

आमच्या विभागप्रमुख बाई ओमानी, रुस्ताक गावच्या. मोजकं बोलणाऱ्या, इंग्रजी फर्डं, आणि मनात आलं तर हिंदीही चांगलं. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी बोलव. मी बसते. पण बोल तू, तुमच्या भाषेत. माणूस आपल्या भाषेत कमी खोटं बोलतो."

काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हसतमुख. बाईंना पाहून जरा गोंधळले. मी विचारलं, "काका, तीन नंबरचा कॅमेरा रोज सकाळी कोण फिरवतं?"

"मीच."

"कशासाठी?"

"टेस्ट…" ते म्हणाले, पण वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर त्या बाईचा चेहरा होता. काकांचा हात पुढे आला, पडद्याला लागेल इतका जवळ, आणि मग त्यांनी तो मांडीवर घेतला.

"ही बाई कोण आहे, माहितीय तुम्हाला?"

"माझी मुलगी आहे ती."

मी बाईंना सांगितलं. त्यांची भुवई हलली, बाकी काही नाही. मला मात्र काय वाटावं तेच कळेना. रात्रभर मी एका विकृत माणसाशी बोलायची तयारी केली होती. ती सगळी जिथल्या तिथे राहिली.

"तिला माहितीय?"

"नाही. पाच वर्षं झाली, बोलणं नाही आमचं." मग ते बोलतच गेले. जावयाची या इमारतीत बदली झाली तेव्हा त्याच्या पासचा अर्ज काकांच्याच टेबलावरून गेला होता. त्याने काकांना आयुष्यात एकदाच पाहिलेलं. काका मागच्या बाजूने कंट्रोल रूममध्ये शिरत, त्यामुळे गाठ पडायचा प्रश्न नव्हता. "पहिल्या दिवशी मी खरंच टेस्ट करत होतो, मॅडम. शपथेवर सांगतो. गाडी थांबली, काच खाली झाली, बघतो तर ही. आणि मागे पोर. नातीला मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. झाल्याचं दुसऱ्यांकडून कळलं होतं, एवढंच. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, आजच्या दिवस बघू."

"ती राहते कुठे?"

"अल मवालेहला. भाजी मार्केटच्या अंगाला कुठेतरी, असं कुणी म्हणालं."

काकांच्या खोलीपासून ते गाडीने वीस मिनिटांवर आहे. रोज सकाळी आपल्याच लेकीला काचेच्या पडद्यावर बघणारा हा माणूस! मी विचारलं, "काका, मग एकदा जाऊन भेटला का नाहीत?"

त्यांनी आवाज खाली आणला. बाईंना मराठी येत नाही, हे ठाऊक असूनही. "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही आपल्यातल्याच. मुलगा वाईट नाही. इंजिनिअर आहे, निर्व्यसनी आहे, सगळं खरं. पण ते… ते लोक आहेत हो. आता बौद्ध म्हणवतात. गावात भावकीला काय तोंड दाखवणार होतो मी? तुम्हीच सांगा."

एसीचा आवाज मला अचानक फार मोठा वाटायला लागला. दोन वर्षं या माणसाने मला आमसुलं आणून दिली होती. माझ्या 'कर'वरून त्याने काहीतरी धरून ठेवलं होतं आणि मी ते कधी सोडवलं नव्हतं, कारण ऑफिसात त्याची गरज नव्हती. मला राग आला असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला आधी लाज वाटली, शाळेत वाटायची तशी. चाळिशी उलटून गेल्यावर, मस्कतमधल्या एका मीटिंग रूममध्ये.

"काका," मी म्हटलं, "मीही बौद्ध आहे."

ते जरा पुढे झुकले. मग म्हणाले, अगदी मनापासून, माझी समजूत घातल्यासारखं, "पण तुम्ही तशा वाटत नाही."

पुढचे प्रश्न मी कागदावर बघून विचारले. क्लिप बाहेर कुणाला दाखवल्या का, फोनवर घेतल्या का, आणखी कुणाच्या काढल्या का. सगळ्याला उत्तर नाही असंच होतं, आणि ते खरं निघालं. ते गेल्यावर बाईंनी विचारलं, "शेवटी काय म्हणाला? तुझा चेहरा बदलला." मी सांगितलं. त्यांना आमच्या जातींचं सगळं कळलं असेल असं नाही, पण त्यांनी उठून स्वतः मला पाणी आणून दिलं.

रिपोर्ट मी त्याच दुपारी लिहिला. त्यात मी एक वाक्य घातलं होतं, की कृतीमागे वाईट हेतू नसून पित्याची ओढ होती. ते वाक्य लिहिताना मला स्वतःचाच मोठेपणा वाटत होता: त्यांनी मला एवढं ऐकवलं, तरी मी न्यायाने वागतेय. बाईंनी वाचलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"उख्ती, बहिणी, हे काढ."

"पण ते खरं आहे."

"असेल. माझ्या भावाचंही माझ्यावर फार प्रेम आहे. त्याचं चाललं तर तो माझा फोन रोज उघडून बघेल, आणि म्हणेल प्रेमाने बघतोय. तिने याला बघायला सांगितलं होतं का? नाही. खलास. त्याने काय केलं तेवढं लिही."

मी वाक्य काढलं. काकांना त्या दिवसापासून कामावरून दूर केलं आणि महिनाअखेरीस नोकरी संपल्याचं पत्र दिलं. नोकरी गेली की इथला व्हिसाही जातो. वीस वर्षं संपायला एक पत्र पुरलं.

आता मुलीला सांगायचं होतं. ज्याच्याबाबत असं घडलं त्याला ते कळवायचं, हा नियम मीच लिहिलेला आहे. मी फोन केला, माझं काम सांगितलं, आमच्या ऑफिसात यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, ऑफिसमधून थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच. लहानपणापासून मस्कतमध्ये वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी अडखळत, मध्येच इंग्रजीत घसरणारं. मी जमेल तितकं सरळ सांगितलं: तुमची गाडी, रोज सकाळी, सात महिने. ती घाबरली. "कोण होता? म्हणजे, इज ही डेंजरस? माझी मुलगी असते गाडीत."

"ते तुमचे वडील आहेत."

ती खुर्चीत मागे गेली. मला वाटलं होतं ती रडेल, आणि खरं सांगायचं तर मी टिश्यूचा डबा जवळ आणून ठेवला होता. ती रडली नाही.

"ते म्हणाले होते, तू मला मेलीस," ती म्हणाली. "एक्झॅक्टली हेच शब्द. मी फोन केले, उचलले नाहीत. बाळाचा फोटो पाठवला, ब्लॉक केलं. आणि मग ते… फुकटात बघत होते? म्हणजे मला न विचारता? माझ्या मुलीला?"

मी म्हटलं, "हो."

"दाखवा मला."

तो तिचा हक्क होता. मी अकरा क्लिपचं फोल्डर उघडलं. पहिलीत नातीने खिडकीतून हात बाहेर काढला होता. दुसरीत माय मुलीची वेणी घालत होती, घाईघाईने, पिन दातात धरून. तिसरीत काही नाही, नुसतं हसणं. पाचवी लागली आणि ती एकदम पुढे सरकली. नवरा गेटच्या आत गेल्याबरोबर पडद्यावरच्या तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं होतं. खांदे हलत होते. मागे मूल झोपलेलं. मग तिने बाहीने तोंड पुसलं आणि गाडी निघाली. सहावीत तेच. सातवीत, आठवीतही.

या क्लिप मी आधी पाहिल्या होत्या. तपासणीच्या नजरेने. तारीख, वेळ, झूम किती, हे लिहून घेतलं होतं. ती रडतेय हेही दिसलं होतं आणि मी पुढे गेले होते. आता ती माझ्या शेजारी बसून स्वतःला रडताना बघत होती आणि मला वर बघायची हिंमत होईना.

"हे कुणालाच माहीत नाही," ती हळू म्हणाली. "दुसरं बाळ राहिलं होतं. गेलं. नवऱ्यासमोर रडले तर तो कोसळतो, म्हणून नाही. घरी त्याची आई आली होती, त्यांच्यासमोर नाही. ऑफिसात नाही. तो आत गेला की मुलगी उठायच्या आधी एवढाच वेळ असायचा. दॅट वॉज द ओन्ली टाइम आय हॅड. एवढाच वेळ माझा होता."

आणि त्याच वेळेवर कॅमेरा होता. माझ्या सगळ्या नियमांना, नोंदींना, रकान्यांना धरूनच ते घडलं होतं. रोज कारण लिहून.

ती एकदम माझ्याकडे वळली. "म्हणजे त्यांनी मला रडताना पाहिलं. चार दिवस. सेव्हसुद्धा केलं. आणि तरी फोन नाही केला?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

तिने सगळ्या क्लिप पुसायला सांगितल्या. पुसल्याचं लेखी मागितलं, ते मी दिलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "त्यांना विचाराल का? का नाही केला?" मी सांगितलं की निरोप पोचवणं माझं काम नाही. तिने मान हलवली आणि गेली.

तरी मी विचारलं. ओमान सोडण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात काका सही करायला आले, आपल्याजवळ कसलीही प्रत नाही असं लिहून द्यायला. तेवढ्या दिवसांत माणूस किती खाली उतरतो ते दिसत होतं. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. माझ्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांनी सही केली आणि मी म्हटलं, "काका, त्या चार क्लिप. ती रडत होती. तुम्ही फोन का नाही केलात?"

"कसा करणार?" ते म्हणाले. "केला असता तर तिने विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं. काय सांगणार होतो?"

इतकी वर्षं मी लोकांना शिकवतेय की चोरून मिळवलेल्या माहितीने दुसऱ्याचं नुकसान होतं. पण स्वतःच्या मुलीचं रडणं ज्याला सगळ्या जगात एकट्याला ठाऊक आहे आणि त्यामुळेच जो तिला हाक मारू शकत नाही, असा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

"त्या चार दिवसांत जेवण गेलं नाही मला," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच वर पाहिलं. "मॅडम, तिने तुम्हाला सांगितलं असेल. का रडत होती ती? तो मारतो का तिला?"

कारण मला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. तो तिला मारत नाही, तिच्यासमोर कोसळेल इतका तो हळवा आहे, हेही सांगता आलं असतं. बापच होता समोर. आणि 'ते लोक' म्हटलेल्या त्या मुलाची बाजू घ्यायची मला अशी काही घाई झाली होती की जीभ पुढे आली होती.

"ते मला सांगता येणार नाही, काका," मी म्हटलं. "ते तिचं आहे. तिलाच विचारा."

"ती उचलेल?"

"मला माहीत नाही."

ते उठले. दाराशी जाऊन परत आले, माझ्यासमोर उभे राहिले. "त्या दिवशी मी बोललो ते…" म्हणाले आणि हात जोडले. वाक्य पुरं केलं नाही. मीही त्यांना ते पुरं करायला मदत केली नाही. आज वाटतं, करायला हवी होती. कधी वाटतं, बरं केलं.

चारेक महिन्यांनी एका शुक्रवारी मवालेहच्या भाजी मार्केटात मला ती दिसली. कलिंगडांच्या ढिगाशी, कडेवर मुलगी. मी ओळख दाखवली नाही. माझ्या कामात तसाच शिरस्ता आहे, समोरच्याला नको असेल तर आपण अनोळखी. तीच पुढे आली. "ताई," म्हणाली. ऑफिसात मी मॅडम होते.

काकांनी चिपळूणहून फोन केला होता. पहिल्या दोन वेळा तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तर त्यांनी कशी आहेस वगैरे काही न विचारता एकदम विचारलं, "तू का रडत होतीस?" तिने सांगितलं. पलीकडे ते रडायला लागले आणि तिला कळेना की आपण काय करायचं. "मी फोन हातात होल्ड करून बसले नुसती," ती म्हणाली. आता आठवड्यातून एकदा फोन येतो. नातीशी बोलतात. नवऱ्याचं नाव अजून घेत नाहीत, 'तो आहे का घरी' एवढंच.

"पुढच्या महिन्यात येतायत. व्हिजिट व्हिसाचा फॉर्म यानेच भरला," तिने नवऱ्याचं सांगितलं. "मी म्हटलं, तू कशाला? तो म्हणाला, कुणीतरी भरायला पाहिजे." मग तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पण राहणार हॉटेलात. म्हणाले, मुलीच्या घरी उतरायची आपल्यात पद्धत नाही. ताई, खरंच असते का अशी पद्धत? मला माहीत नाही या गोष्टी."

तिने अगदी सरळ विचारलं होतं. मी म्हणू शकले असते की हो, जुनी माणसं मानतात. ते खोटंही नव्हतं.

"असायची," मी म्हटलं. "पण ते त्यासाठी हॉटेलात उतरत नाहीयेत."

"हं," ती म्हणाली. तिला धक्का बसला नाही. मलाच बसला, माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं याचा. तिने एक कलिंगड उचललं, वाजवून पाहिलं, परत ठेवलं आणि दुसरं उचललं.

नंतर तिचा एकदा फोन आला. काका येऊन गेले होते. चार दिवस हॉटेलात राहिले, रोज नातीला समुद्रावर घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना आणायला नवरा गेला, तो खाली गाडीत थांबला नाही, वर त्यांच्या खोलीपर्यंत गेला, आणि दोघं बरोबर घरी आले. "बसले थोडा वेळ. चहा घेतला, ताई," ती म्हणाली. "दोनदा."

"अगं वा," मी म्हटलं आणि मला खरोखर आनंद झाला. फोन ठेवला आणि मग मात्र माझं डोकं फिरलं. एका माणसाने आपल्या मुलीच्या घरी चहा घेतला, हे मला मुद्दाम फोन करून सांगावं लागतं, आणि मी ते ऐकून 'अगं वा' म्हणते.